गिऱ्हाईक न मिळालेलं विमान

रत्नागिरीत आमच्या आळीत कराचीचं नाव एके काळी मुंबईइतकंच सहज घेतलं जाई. माझे चुलत आजोबा तिथल्या गोदीत कारकून होते. १९३६ पर्यंत सिंध आणि रत्नागिरी दोन्ही मुंबई इलाख्यातच, तेव्हा कराची म्हणजे परमुलूख असं कुणाला वाटतच नसे. त्याच कराची बंदरात १९३३ च्या आरंभी एक विमान खोक्यांतून उतरलं. आजोबांचा विषय निघाला की मला ते विमान आठवतं.

वेस्टलँड पीव्ही-३ त्याचं नाव. पीव्ही म्हणजे प्रायव्हेट व्हेंचर. सरकारने न मागता कारखान्याने पदरमोड करून बांधलेलं. वेस्टलँडचं वॉपिटी हे दुपंखी विमान सैन्यात चांगलं रुळलं होतं. काटकसर अशी की त्याला जुन्या डीएच-९ए विमानाचेच पंख लावलेले! पीव्ही-३ त्याच घराण्यातलं, पण आरमाराकडे डोळा ठेवून केलेलं. पोटाखाली टॉर्पेडो मावावा म्हणून चाकांचे पाय उंच, आणि जहाजावर अडचण नको म्हणून पंख दुमडणारे. १९३१ मध्ये ते उडालं. ऑर्डर एकही आली नाही.

मग एव्हरेस्टवरून उडायची टूम निघाली. पैसे लेडी ह्यूस्टन या धनाढ्य, हट्टी बाईंचे. टॉर्पेडोसाठी दिलेले उंच पाय आता कामी आले, कारण मोठा प्रोपेलर जमिनीला न घासता फिरू शकत होता. पंख रुंद होतेच. त्यावर विरळ हवेतही दम न सोडणारं ब्रिस्टल पेगॅसस इंजिन चढवलं.

३ एप्रिल १९३३ ला बिहारातल्या पूर्णियाहून दोन विमानं निघाली. पीव्ही-३ मध्ये लॉर्ड क्लाइड्सडेल आणि कर्नल ब्लॅकर. दुसऱ्यात, म्हणजे वॉपिटीचाच सुधारलेला अवतार असलेल्या वॉलेसमध्ये, मॅकिन्टायर आणि छायाचित्रकार बॉनेट. शिखराची उंची तेव्हा २९,००२ फूट धरत. डोंगरावरून कोसळणाऱ्या वाऱ्याने विमानं खाली दाबली, आणि शिखर कसंबसं ओलांडलं गेलं. बॉनेटची प्राणवायूची नळी चिरली. गड्याने तिला हातरुमाल गुंडाळला, शुद्ध हरपली, तरी जिवंत परतला. सगळे लॉर्डसाहेबांचे गोडवे गातात. मला हा रुमालवाला जास्त भावतो.

आणि याच्या दोनच दिवस आधी, १ एप्रिलला, कराचीच्या ड्रिघ रोडवर भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली होती. तिच्याकडे चार वॉपिटी. साहेबाच्या एव्हरेस्टस्वारीवर पानंच्या पानं लिहिली गेली. या चार विमानांना आपल्या शाळेच्या पुस्तकांत एक ओळही धड मिळत नाही, हे मला खटकतं.

एव्हरेस्टच्या उड्डाणावरच्या चित्रपटाला पुढे ऑस्कर मिळालं. पीव्ही-३ ला काही फसलेलं विमान म्हणता येणार नाही. आरमाराला ते नको होतं, इतकंच. कारखान्याने मात्र दुसरं पीव्ही-३ कधी बांधलं नाही.