गिरिराज कोंबडी : हेब्बाळपासून परसापर्यंत

महाराष्ट्रात परसात कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेकांनी ‘गिरिराज’ हे नाव ऐकलेले असते. हा पक्षी बंगळुरूच्या हेब्बाळचा, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आज हेब्बाळ म्हटले की विमानतळाच्या वाटेवरचा उड्डाणपूल आणि वाहतूक कोंडी आठवते. पण कृषी विद्यापीठाचा जुना परिसर आणि पशुवैद्यक महाविद्यालय तिथेच आहे. या टिपणात गिरिराजच्या निमित्ताने आपण एक प्रश्न तपासू : कोंबडी माणुसकीने पाळणे आणि तिच्यावर घर चालवणे, या दोन्ही गोष्टी एकत्र जमतात का?

आधी थोडी पार्श्वभूमी. गावरान कोंबडी वर्षाला साधारण साठेक अंडी देते, खुडूक बसते, पिल्ले सांभाळते आणि मांजर दिसले की झाडावर चढते. स्वातंत्र्यानंतर देशाला अंडी हवी होती, तीही स्वस्त. म्हणून परदेशी जाती आल्या, बंगळुरूजवळ हेसरघट्टा येथे केंद्र सरकारचे कुक्कुट पैदास केंद्र उभे राहिले, आणि १९७१ मध्ये पुण्यात डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. अंडी खरोखरच स्वस्त झाली. ते श्रेय नाकारण्यात अर्थ नाही.

किंमत कोंबडीने मोजली. पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या वाट्याला येणारी जागा तुमच्या प्रयोगवहीच्या ए-फोर कागदाएवढीही नसते. तो कागद २१ × २९.७ सेंमी, म्हणजे सुमारे ६२४ चौ. सेंमी. तेवढ्या जागेत पंख पसरून पाहा! ब्रिटनमध्ये रूथ हॅरिसन यांचे ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ १९६४ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी ब्रॅम्बेल समितीने म्हटले की जनावराला निदान उभे राहता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. आपण कायद्यात त्यांच्या पुढे होतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरल्यावर झालेल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच, हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे गुन्हा ठरवलेले आहे. तरीही २०१७ मध्ये विधी आयोगाला अंड्यांच्या कोंबड्यांवर स्वतंत्र अहवाल (क्र. २६९) द्यावा लागला. कायदा आणि पिंजरे शेजारी शेजारी नांदत राहिले.

याहून कमी बोलली जाणारी गोष्ट नर पिल्लांची. अंड्यांची जात वेगळी आणि मांसाची वेगळी अशी विभागणी झाल्यावर अंड्यांच्या जातीतला नर कुणाच्याच कामाचा उरला नाही. तो अंडी देत नाही आणि अंगानेही भरत नाही. म्हणून उबवणूक केंद्रांत तो पहिल्याच दिवशी मारला जातो. इथे कुणी माणूस दुष्ट असण्याची गरज नाही. रचनाच तशी आहे, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने हे नीट पाहावे असे मला वाटते.

१९८९ मध्ये हेब्बाळच्या कुक्कुटशास्त्र विभागाने दिलेली गिरिराज ही विभागणी टाळते. ती दुहेरी उपयोगाची आहे : मादी वर्षाला १३० ते १५० अंडी देते, आणि नर वाढवून विकता येतो, म्हणून तोही जगतो. पिसे रंगीत, त्यामुळे मातीत-गवतात ती चटकन दिसत नाही आणि गावरान आवडणाऱ्या गिऱ्हाइकालाही पटते. किडे, पाला, घरातले खरकटे यांवर तिचे बरेचसे भागते. पुढे पशुवैद्यक महाविद्यालय बीदरला मुख्यालय असलेल्या विद्यापीठाकडे गेले आणि हे कामही तिकडे गेले.

पण गिरिराजची मादी तीन-चार किलोंची होते. एवढे वजन घेऊन ती मुंगूस, कुत्रा, रानमांजर यांच्यापुढून पळणार कशी? कोंबडी मोकळी सोडली आणि रात्री खुराड्यात घ्यायला विसरले, तर त्या मोकळेपणाला दया म्हणता येणार नाही. २००५ च्या ‘स्वर्णधारा’ या पुढच्या पक्ष्यात वजन कमी ठेवले गेले; ती अंडीही थोडी जास्त देते आणि पळतेही. शिवाय पक्षी संकरित असल्याने पुढच्या पिढीत सगळे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. चांगले पिल्लू हवे तर पुन्हा केंद्राकडे जावे लागते. गावरान कोंबडीची मालकीण मात्र कुणाची मिंधी नव्हती.

राहिला रोगाचा भाग. गिरिराज काटक आहे, पण राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, तिलाही सोडत नाही. पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात. पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आरटूबी लस टोचतात. अडचण वेगळीच असते. लशीची कुपी सहसा शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची येते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराला हे एकट्याने परवडत नाही. तुमच्या गावी कुणी पक्षी आणणार असेल, तर आसपासच्या आठ-दहा घरांनी एकाच आठवड्यात पिल्ले आणावीत, म्हणजे एक कुपी सगळ्यांना पुरते.