तप्त तार कर्तक

तप्त तार कर्तक : विद्युत् प्रवाहाने तापविलेल्या व ताणून धरलेल्या तारेच्या साहाय्याने फेसाळ प्लॅस्टिक कापण्याचे साधन. भारतात थर्मोकोल या नावाने परिचित असलेले प्रसरित पॉलिस्टायरीन मुख्यतः या साधनाने कापतात. करवतीने कापल्यास त्याचे मणी सुटतात, कडा खडबडीत होतात व भुसा सर्वत्र चिकटतो. तप्त तारेपुढे मात्र ते वितळून दुभंगते व कापलेला पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. कारखान्यात हे साधन तयार होतेच, तथापि मोडीत निघालेल्या उपकरणांच्या भागांतून ते घरीही मोठ्या प्रमाणावर बनविले गेले. त्यासाठी लागणारी रोधी तार, कमी दाबाचे रोहित्र व ताण देणारी चौकट ही तिन्ही जुन्या घरगुती वस्तूंत आयती मिळतात. त्यामुळे त्याचा इतिहास हा बव्हंशी हौशी मंडळींचा व अल्प भांडवलाच्या कारागिरांचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : तापलेल्या तारेने कापण्याची कल्पना फेसाळ प्लॅस्टिकाहून जुनी आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या व तारेच्या रोधाच्या प्रमाणात असते, हा नियम जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४१ मध्ये मांडला. ब्रेस्लौ (सध्याचे पोलंडमधील व्हरोट्स्वाफ) येथील शस्त्रवैद्य आल्ब्रेख्ट मिडलडॉर्फ यांनी विद्युत् घटमालेने तापविलेल्या प्लॅटिनमाच्या तारेने शस्त्रक्रिया करण्याची पद्धत १८५४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. प्लॅटिनम अतिशय महाग आणि लोखंडाची तार तापताच गंजणारी, त्यामुळे या तत्त्वाचा प्रसार मर्यादित राहिला. ही अडचण अमेरिकेतील धातुवैज्ञानिक ॲल्बर्ट मार्श यांनी दूर केली. निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे एकस्व (पेटंट) त्यांना १९०६ मध्ये मिळाले. सुमारे ८० टक्के निकेल व २० टक्के क्रोमियम असलेल्या या निक्रोम तारेवर तापल्यावर क्रोमियम ऑक्साइडाचा घट्ट थर बसतो व आतील धातूचे रक्षण होते. इस्त्री, शेगडी, पाव भाजण्याचे यंत्र, केस वाळविण्याचे यंत्र यांतून ही तार घरोघर पोहोचली आणि ती उपकरणे बिघडल्यावर भंगारातही उपलब्ध झाली.

फेसाळ प्लॅस्टिकाचा उदय : स्वीडनमधील कार्ल मुंटर्स व जॉन टँडबर्ग यांनी १९३० नंतरच्या दशकात पॉलिस्टायरिनाचा फेस बनविण्याच्या कृतीचे एकस्व मिळविले. अमेरिकेतील डाऊ केमिकल कंपनीत रे मॅकिन्टायर यांनी १९४० नंतरच्या दशकात या द्रव्याचे औद्योगिक उत्पादन शक्य केले. जर्मनीतील बीएएसएफ कंपनीत फ्रिट्झ श्टास्टनी यांनी १९४९ मध्ये वाफेने फुगणाऱ्या मण्यांची पद्धत शोधली. अशा मण्यांपासून बनलेल्या ठोकळ्याच्या आकारमानाचा सुमारे ९८ टक्के भाग हवेचा असतो व सुमारे १०० °से. तापमानास तो मऊ होऊन आकसू लागतो. इतक्या कमी तापमानास हार मानणारे, हलके आणि स्वस्त द्रव्य मिळाल्यामुळे शस्त्रवैद्याच्या तारेला एक नवे क्षेत्र लाभले.

घरगुती विमानबांधणी : प्रतिकृती विमानांचे पंख कापणाऱ्या हौशी मंडळींनी हे साधन आपलेसे केले, पण त्याला खरी प्रतिष्ठा मिळाली ती माणूस वाहून नेणाऱ्या विमानांच्या बांधणीत. अमेरिकेतील अभिकल्पक बर्ट रुटान यांचे व्हेरीइझी हे विमान मे १९७५ मध्ये प्रथम उडाले. त्याच्या पंखांचा गाभा पॉलिस्टायरीन फेसाचा असून त्यावर काचतंतू व इपॉक्सी राळ यांचे थर चढविलेले होते. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या छेदाच्या आकाराचे फर्मे बसवीत व दोन माणसे त्यांवरून तार ओढीत. दोन्ही फर्म्यांवर सारख्याच क्रमांकांच्या खुणा असत. एकाने क्रमांक उच्चारावयाचा व दुसऱ्याने त्याच क्षणी आपल्या बाजूच्या त्या खुणेवर यावयाचे, अशी रीत होती. त्यामुळे दोन्ही टोकांची लांबी वेगळी असूनही तारेची दोन्ही टोके बरोबरीने पुढे सरकत. या रीतीमुळे महागड्या साच्यांची गरज उरली नाही व घराच्या आवारात विमान बांधणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. १९७९ मध्ये उडालेल्या लाँग-ईझी या विमानाच्या बांधणीतही हीच पद्धत अवलंबिली गेली.

रचना व कार्य : लाकडी धनुष्याच्या किंवा करवतीच्या चौकटीच्या दोन टोकांमध्ये तार ताणून बसवितात. एक मीटर तार २०० °से.ने तापल्यास सुमारे ३ मिमी.ने लांबते, म्हणून एका टोकास स्प्रिंग लावावी लागते, अन्यथा तार सैल पडून काप वाकडा होतो. निक्रोमला साधा डाख नीट धरत नाही, त्यामुळे जोडणी पितळी स्क्रूने करतात. जुन्या रेडिओतील किंवा ध्वनिमुद्रकातील रोहित्र विद्युत् पुरवठ्यास उपयोगी पडते. मात्र त्याची प्रवाहक्षमता पुरेशी असावी लागते.

तारेची लांबी अंदाजाने ठरविता येत नाही. २३० व्होल्टवर १,००० वॉट शक्ती घेणाऱ्या शेगडीच्या संपूर्ण वेटोळ्याचा रोध सुमारे ५३ ओहम असतो. ते १२ व्होल्टच्या रोहित्रास जोडल्यास जेमतेम २.७ वॉट उष्णता मिळते व तार कोमटही होत नाही. याउलट ०.४ मिमी. व्यासाच्या निक्रोम तारेच्या ५० सेंमी. तुकड्याचा रोध सुमारे ४.३ ओहम असतो. १२ व्होल्टला त्यातून सुमारे २.८ अँपिअर प्रवाह वाहतो व ३३ वॉट उष्णता मिळते. फेस कापण्यास ती पुरेशी असते. तारेची उष्णता योग्य असल्यास तार द्रव्याला प्रत्यक्ष टेकण्यापूर्वीच पुढचा थर वितळतो व ती अल्प दाबाने पुढे जाते. ती अधिक तापल्यास फट रुंद होते व धूर निघतो. कमी तापल्यास ती मध्यभागी मागे रेंगाळते आणि काप फुगीर होतो.

धोके : साधनाची सुलभता हीच त्यातील जोखीमही आहे. तार उघडी असल्याने तिला हात लागणे अटळ असते. म्हणून ती घरातील विद्युत् पुरवठ्यापासून पूर्णतः विलग असलीच पाहिजे. प्राथमिक व द्वितीयक वेटोळी स्वतंत्र असलेल्या रोहित्रानेच हे साधते. एकच वेटोळे असलेले स्वयंरोहित्र किंवा दिव्याचा प्रकाश मंद करणारा नियंत्रक यांनी दाब कमी झाला, तरी पुरवठ्याशी थेट संबंध कायम राहतो व तारेचा स्पर्श प्राणघातक ठरू शकतो. मायक्रोवेव्ह ओव्हनमधील रोहित्राच्या द्वितीयक वेटोळ्यात सुमारे २,००० व्होल्ट दाब असतो व त्याच्या जोडीचे धारित्र पुरवठा तोडल्यावरही भारित राहू शकते. हौशी माणसाने ते भाग उघडूच नयेत. प्राथमिक बाजूस योग्य क्षमतेची वितळतार असणे आवश्यक असते.

दुसरा धोका धुराचा. पॉलिस्टायरीन तापल्यास स्टायरिनाची वाफ निघते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरिनाचा समावेश बहुधा कर्करोगकारक असलेल्या द्रव्यांच्या गटात केला. पॉलियुरेथेन फेसातून याहून विषारी वायू निघतात. त्यामुळे व्हेरीइझीसारख्या विमानांच्या बांधणीत पॉलियुरेथेनाचे भाग तारेने न कापता सुरीने कोरीत. मोकळी, खेळती हवा ही या कामाची पहिली अट होय.

महाराष्ट्रातील वापर : महाराष्ट्रात या साधनाचा सर्वांत परिचित उपयोग गणेशोत्सवातील मखरांसाठी झाला. महिरपी, खांब, कळस व जाळीची नक्षी कापणाऱ्या छोट्या कारागिरांना हंगामी रोजगार देणारे हे स्वस्त अवजार होते. तथापि थर्मोकोल निसर्गात कुजत नाही. विसर्जनानंतर ते पाण्यावर तरंगत राहते व त्याचे कण जलाशयांत पसरतात. राज्य शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेद्वारे सजावटीच्या थर्मोकोलावर बंदी घातली. उत्सवापुरती सूट मिळावी, ही व्यावसायिकांची विनंती मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये अमान्य केली. त्यानंतर पुठ्ठा, कागद, कापड व लाकूड यांच्या मखरांकडे कारागीर वळले. या द्रव्यांना तप्त तारेचा उपयोग नाही, त्यामुळे अनेकांना हत्यार व कसब दोन्ही नव्याने शिकावी लागली. ज्या स्वस्त व विपुल द्रव्यामुळे हे साधन घरोघर पोहोचले, त्या द्रव्याच्या टिकाऊपणानेच त्याच्या या वापरास मर्यादा घातली. प्रतिकृती विमाने व वास्तुप्रतिकृती यांच्या निर्मितीत मात्र तप्त तार कर्तकाचे स्थान टिकून आहे.