हिमालयातील बर्फ आणि दख्खनचा पाऊस

१/५
१८७६-७८. पावसाने दगा दिला आणि दख्खनसह दक्षिण भारतात लाखो माणसे दुष्काळाने दगावली. पुढचे अवर्षण आधी ओळखता येईल का, हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला.

२/५
१८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी उत्तर हिमालयात शोधले. १८८४ साली त्यांनी मांडले : तिथे हिवाळ्यात व वसंतात बर्फ अधिक पडला, तर पुढचा पावसाळा कोरडा जाण्याचा संभव असतो.

३/५
आजच्या विज्ञानाच्या भाषेत, शुभ्र बर्फ ऊन परतवतो. शोषलेली उष्णताही तो वितळण्यातच खर्च होते. जमीन उशिरा तापते आणि समुद्रावरचे वारे तिच्याकडे कमी जोराने ओढले जातात.

४/५
१८८६पासून मोसमी पावसाचे अंदाज नियमित निघू लागले. बर्फ हा त्यांचा मोठा आधार होता. तरीही १८९९ साली अंदाज फसला आणि ‘छप्पन्नचा दुष्काळ’ कोसळला. पाऊस एकट्या बर्फावर ठरत नव्हता.

५/५
आज हिमालय तापतो आहे. काजळीने काळवंडलेला बर्फ अधिक ऊन शोषून लवकर वितळतो. ब्लॅनफर्ड यांना जुन्या नोंदींत दिसलेले नाते बदलत्या हवामानात तसेच टिकेल, असे गृहीत धरता येत नाही. त्या नोंदी अवश्य वाचाव्यात. मात्र त्यांना पंचांग समजू नये.