नाटकाचे यजमान : अथेन्सपासून लंडनपर्यंत

युरोपातील रंगभूमीचा इतिहास सांगावयाचा म्हणजे नाटककारांची नामावळी सांगावयाची, असा एक प्रघात पडून गेला आहे. ईस्किलस, सॉफोक्लीस, युरिपिडीस. त्यांच्यामागून रोमचे प्लॉटस आणि टेरेन्स. मग हजार वर्षांचा काळोख. आणि त्या काळोखातून एकदम शेक्सपियर! ही रीत सोयीची आहे खरी, पण मधली हजार वर्षे माणसे नाटक पाहावयाचे विसरून गेली होती की काय, ह्या साध्या शंकेचे उत्तर तिच्यात मिळत नाही. कवींची नावे घटकाभर बाजूला ठेवून दुसराच एक प्रश्न हाती घेतला, तर हा इतिहास अधिक उलगडतो असे आम्हांस वाटते. प्रश्न तसा अगदी बाजारी आहे. नाटकाचा खर्च कोण करीत होते, आणि समोर बसलेली माणसे तेथे कोणत्या नात्याने बसली होती?

आपली ही व्याख्यानमाला वसंतात भरते. अथेन्सचा मोठा नाट्योत्सवही वसंतातलाच. डायोनायसस देवाचा तो उत्सव. अॅक्रॉपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर, उघड्या आकाशाखाली, हजारो लोक सकाळपासून येऊन बसत. तीन कवींची निवड होई. प्रत्येकाने तीन शोकनाट्ये आणि एक हलकेफुलके नाटक सादर करावयाचे. ह्या नाटकांतील वृंदाचे महिनोन्‌महिने शिक्षण, त्यांचे खाणेपिणे, त्यांची वस्त्रे हा सारा खर्च एका धनिक नागरिकाच्या माथी बसे. त्याला 'खोरेगॉस' म्हणत, आणि त्याची नेमणूक नगराचा अधिकारी करी. हा एक करच म्हणावयाचा, परंतु मानाचा कर. इ. स. पूर्व ४७२ मध्ये ईस्किलसच्या 'पर्शियन्स' नाटकाचा खर्च ज्याने उचलला, तो तरुण पुढे अथेन्सचा सूत्रधार झालेला पेरिक्लीस होता. वृंदात नाचणारे आणि गाणारे लोक धंदेवाईक नव्हते. ते नागरिकच होते. परीक्षक दहा, तेही चिठ्ठ्या टाकून निवडलेले. गुलामांच्या श्रमावर उभ्या असलेल्या त्या नगराचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण ज्यांना ते नगर आपले म्हणत होते, त्यांच्यापुरते नाटक हे घरचे कार्य होते.

घरच्या कार्यात कडू बोलण्याचा अधिकार कोणाला असतो? फ्रिनिकस नावाच्या कवीने मिलेटस नगराच्या पाडावावर नाटक लिहिले. हे मिलेटस अथेन्सच्या नात्यातले नगर; इराण्यांनी ते इ. स. पूर्व ४९४ मध्ये धुळीस मिळविले होते. हिरोडोटस सांगतो की, ते नाटक पाहून सगळे प्रेक्षागृह ढसढसा रडले, आणि घरच्या दुःखाची आठवण करून दिली म्हणून नगराने कवीला हजार द्राख्मांचा दंड ठोठावला. शिवाय ते नाटक पुन्हा कोणी करावयाचे नाही, असेही ठरविले. अर्थात, मर्यादा होती.

पण ती मर्यादा कोठवर ताणली जात होती, हे पाहावयाचे तर इ. स. पूर्व ४१५ चा वसंत पाहावा. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात अथेन्सच्या सैन्याने मेलॉस हे लहानसे बेट जिंकून तेथील हाती लागलेले प्रौढ पुरुष ठार मारले होते आणि बायकामुले गुलाम म्हणून विकली होती. त्या बेटाचा अपराध एवढाच की, त्याला कोणाच्या युद्धात पडावयाचे नव्हते. आणि काही महिन्यांतच युरिपिडीसने रंगभूमीवर काय आणले? 'ट्रॉयच्या स्त्रिया'! पडलेल्या शहराबाहेर बसलेल्या विधवा, विजेत्यांनी आपसांत वाटून घेतलेल्या राण्या, तटावरून फेकून दिलेले एक लहान मूल. ते नाटक कदाचित मेलॉसच्या आधीच योजलेले असेल. पण समोर बसलेल्यांत मेलॉसहून नुकतेच परतलेले शिपाई असणारच. ह्या नाटकमालेला दुसरे बक्षीस मिळाले. ज्या नगराने ते कृत्य केले, त्याच नगराच्या उत्सवात, त्याच्याच पैशाने हे दाखविले गेले! नाटकाचा यजमान ऐकण्यास तयार असला म्हणजे कवीला काय बोलता येते, ह्याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

पुढे ग्रीकांचे नाटक देशोदेशी पसरले, धंदेवाईक नटांचे संघ निघाले, दगडी नाट्यगृहे उठली. परंतु नव्या कवींपेक्षा जुन्यांचीच नाटके पुन्हा पुन्हा होऊ लागली. इ. स. पूर्व चौथ्या शतकात अथेन्सने तिन्ही थोर कवींच्या नाटकांच्या अधिकृत प्रती करवून सरकारी दप्तरात ठेवल्या. गेलन एक गोष्ट सांगतो : इजिप्तच्या टॉलेमी राजाने पंधरा टॅलेंट चांदी अनामत ठेवून त्या प्रती नकलून घेण्यासाठी मागवून घेतल्या, नव्या नकला परत पाठविल्या, आणि अनामत बुडवून मूळ प्रती स्वतःकडे ठेवल्या. सॉफोक्लीसने शंभराहून अधिक नाटके लिहिली. आज संपूर्ण अशी सातच हाती आहेत.

आता रोमकडे वळू. तेथे नाटक फुकट होते. पैसा सरकारातून येई, आणि त्यात उत्सवाचे अधिकारी पदरची भर घालीत. ही भर देवभक्तीपोटी पडे असे नाही. पुढच्या निवडणुकीत मते लागत. यजमान हा असा, उमेदवार! तेव्हा प्रेक्षक हा पाहुणा झाला, आणि तोही लाडावलेला पाहुणा. टेरेन्स हा आफ्रिकेतून आलेला, गुलामीतून मुक्त झालेला, फार नाजूक हाताचा लेखक. त्याचे 'हेकिरा', म्हणजे 'सासू', हे नाटक इ. स. पूर्व १६५ मध्ये सुरू झाले तो जवळच दोरीवरच्या कसरतीचा गलबला झाला आणि नाटक बंद पडले. पाच वर्षांनी ते पुन्हा लावले, तर ग्लॅडिएटर येणार अशी आवई उठली आणि पुन्हा धांदल उडाली. तिसऱ्या खेपेस ते कसेबसे पार पडले. बिचारा टेरेन्स ही हकीकत प्रस्तावनेतच नटाच्या तोंडून सांगवितो.

रोमच्या राज्यकर्त्यांना नाट्यगृहाचे भयही वाटे. माणसे एका जागी निवांत बसली म्हणजे काय बोलतील, कोण सांगावे? इ. स. पूर्व १५४ मध्ये बांधावयास घेतलेले दगडी नाट्यगृह सिनेटने पाडावयास लावले. पहिले कायमचे दगडी नाट्यगृह उठले ते इ. स. पूर्व ५५ मध्ये, पाँपीचे. आणि त्यानेही माथ्यावर व्हीनसचे देऊळ बांधून खालच्या पायऱ्या ह्या देवळाच्याच पायऱ्या होत असा बहाणा केला. ह्या नाट्यगृहाच्या उद्घाटनाचे वर्णन सिसेरोने मित्राला लिहिलेल्या पत्रात आहे. एका शोकनाट्यात सहाशे खेचरे रंगमंचावरून चालविली म्हणे! ज्या रंगभूमीवर सहाशे खेचरे लागतात, तिला कवीची गरज उरत नाही. आणि नट? त्यांत गुलाम पुष्कळ. जो स्वतंत्र माणूस पैशासाठी रंगमंचावर पाऊल टाकी, त्याची कायद्याने अप्रतिष्ठा होई. हा कलंक साम्राज्य बुडाले तरी पुसला गेला नाही. ख्रिस्ती धर्मगुरूंनी तो अधिकच गडद केला.

ह्यानंतरच्या शतकांत फिरते बहुरूपी, डोंबारी, गाणारे चालूच राहिले. फक्त त्यांचे नाटक कोणी लिहून ठेवले नाही. टेरेन्सच्या पोथ्या मात्र मठांतून लॅटिन शिकण्यासाठी वाचल्या जात. दहाव्या शतकात जर्मनीतील गांडर्सहाइमच्या मठात ह्रोत्सविता नावाच्या विदुषीने त्याच्या धर्तीवर सहा धार्मिक नाटके लिहिली. त्याच शतकात विंचेस्टरच्या बिशपने ईस्टरच्या पहाटेचा एक विधी लिहून ठेवला आहे. एक मठवासी हातात झावळी घेऊन थडग्यापाशी देवदूत म्हणून बसतो. तिघे जण, काही शोधीत आल्यासारखे, हळूहळू पावले टाकीत येतात. तो विचारतो, कोणाला शोधता? आपल्या डोळ्यांना हे नाटक दिसते. त्यांना ती प्रार्थना होती. येथे प्रेक्षक असा कोणी नव्हताच.

पुढील तीनचारशे वर्षांत हे बीज शहरांच्या रस्त्यांवर आले, आणि येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण आमच्या मते अथेन्सनंतर नगराचे नाटक म्हणून जर काही झाले असेल तर ते हेच. आपल्याकडे प्राचीन काळी ज्यांना श्रेणी म्हणत, तशा कारागिरांच्या संघटना युरोपातील शहरांत होत्या. इंग्लंडातील यॉर्क शहरी 'कॉर्पस ख्रिस्ती'च्या सणाला ह्या श्रेणी बायबलची कथा, सृष्टीच्या उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंत, सुमारे अठ्ठेचाळीस प्रवेशांत दाखवीत. प्रत्येक श्रेणीचा एक गाडा. पहाटे साडेचारला जमून गाडे निघत आणि शहरातील ठरलेल्या ठिकाणी थांबून तोच प्रवेश पुन्हा पुन्हा करीत. वाटणीही मोठी मार्मिक. नोआची नौका बांधावयाची जहाजे बांधणाऱ्यांनी, येशूचे शेवटचे भोजन भटारखानेवाल्यांकडे, आणि क्रुसावर खिळे ठोकण्याचे काम खिळे-टाचण्या करणाऱ्यांकडे! येशूला खिळणारे हे चार शिपाई त्या प्रवेशात भोक चुकीच्या जागी पडले म्हणून एकमेकांवर कुरकुरतात, अगदी कारखान्यातल्यासारखे. पाहणाऱ्यांना हसू आले असेल, आणि मग आपण कशाला हसलो हे ध्यानात येऊन अंगावर काटाही आला असेल.

कोव्हेंट्री शहरातील लोहारांच्या श्रेणीचे हिशेब उपलब्ध आहेत. १४९० साली देवाचे काम करणाऱ्याला दोन शिलिंग दिले, आणि हेरॉड राजाला तीन शिलिंग चार पेन्स. देवापेक्षा हेरॉड महाग, कारण आरडाओरडा त्यालाच अधिक करावा लागे! १५७३ च्या हिशेबात एकाच इसमाला जूडासला फाशी देण्याबद्दल चार पेन्स आणि कोंबड्याचे आरवणे काढण्याबद्दल आणखी चार पेन्स दिल्याची नोंद आहे. हे पैसे कारागिरांच्या वर्गणीतले. आम्हांस ह्या वह्या कित्येक शोकनाट्यांइतक्याच मोलाच्या वाटतात.

ही रंगभूमी आपोआप मेली नाही. ती बंद करण्यात आली. धर्मसुधारणेनंतरच्या भांडणांत ती कोणालाच नकोशी झाली. पॅरिसच्या न्यायसभेने १५४८ साली धार्मिक नाटकांना मनाई केली. यॉर्कचे गाडे १५६९ नंतर निघाले नाहीत, कोव्हेंट्रीचे १५७९ नंतर. त्या वर्षी, तेथून वीसेक मैलांवरील स्ट्रॅटफर्ड गावी, शेक्सपियर पंधरा वर्षांचा होता. हॅम्लेट नटांना हेरॉडपेक्षा अधिक ओरडू नका असे बजावतो, तो हेरॉड हाच.

इटलीत ह्याच सुमारास दोन भिन्न गोष्टी चालल्या होत्या. व्हिचेंझा येथील विद्वानांच्या अकादमीने पालाडिओ ह्या थोर वास्तुशास्त्रज्ञाकडून प्राचीनांच्या धर्तीवर, परंतु छपराखाली, एक नाट्यगृह बांधविले. ३ मार्च १५८५ रोजी त्याचे उद्घाटन झाले, ते सॉफोक्लीसच्या 'ईडिपस'ने, पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' म्हणून मराठीत आणलेले तेच नाटक. थीब्ज नगराचे रस्ते लाकडात इतके हुबेहूब बांधले की ते आजही तेथे उभे आहेत. मात्र ज्या नाटकात सगळे नगर राजाच्या दारी गाऱ्हाणे घेऊन येते, ते आता निमंत्रितांपुढे होत होते. दुसरी गोष्ट पादुआ येथील १५४५ सालच्या एका करारनाम्यात दिसते. आठ नटांनी मिळून मंडळी काढली. सामायिक पैशाने घोडा घ्यावयाचा, आजारी पडेल त्याला सामायिक पेटीतून मदत द्यावयाची, आणि पेटीला तीन किल्ल्या, तिघांकडे तीन. अकादमीच्या लाकडी थीब्जपेक्षा ह्या तीन किल्ल्यांनी युरोपची रंगभूमी पुढे नेली, असे म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

लंडनमध्ये १५७२ च्या कायद्याने उमरावाचा आश्रय नसलेला नट भटक्या-उनाडांत जमा होऊ लागला. तरी चारच वर्षांनी जेम्स बर्बेज ह्या सुताराचे नट झालेल्या गृहस्थाने, वाणी असलेल्या मेव्हण्याच्या पैशाने, शहराच्या हद्दीबाहेर 'द थिएटर' बांधले. जमीन भाड्याची. मुदत संपून जमीनमालकाशी तंटा पेटला, तेव्हा १५९८ च्या डिसेंबरात बर्बेजच्या मुलांनी ते नाट्यगृह उकलून तुळया काढून नेल्या, आणि १५९९ साली नदीपलीकडे त्यांतून 'ग्लोब' उभे राहिले. त्याची अर्धी मालकी बर्बेज बंधूंची, अर्धी पाच नटांची. त्या पाचांत शेक्सपियर. संहिता तपासावयास दरबारी अधिकारी होताच. परंतु यजमान आता कोणी एक नव्हता. एक पेनी देईल तो अंगणात उभा राही, मग तो शिकाऊ उमेदवार असो की नावाडी.

ही पेनी दारावर मातीच्या लहान गल्ल्यात टाकावयाची. खेळ सुरू झाला म्हणजे ते गल्ले आत नेऊन फोडीत, आणि मोजणी होई. १९८९ साली लंडनमध्ये 'रोझ' ह्या १५८७ च्या नाट्यगृहाचा पाया उकरला गेला, तेव्हा त्या गल्ल्यांच्या खापऱ्या तेथे सापडल्या.