ध्रुवप्रदेशातील वायुनौका

सन १९३१ च्या जुलै महिन्याची २७ तारीख. फ्रान्झ जोसेफ लँड या द्वीपसमूहातील हूकर बेटापाशी, तिखाया नावाच्या उपसागरात ‘मालिगिन’ हे रशियन हिमभेदी जहाज उभे होते. दक्षिणेकडून ‘ग्राफ झेपेलिन’ ही २३६ मीटर लांबीची जर्मन वायुनौका आली आणि बर्फाचे तुकडे तरंगत असलेल्या त्या पाण्यावर अलगद टेकली. जहाजावरून होडी सुटली, टपालाच्या थैल्यांची देवघेव झाली, आणि बर्फ अंगावर येऊ लागल्याचे पाहून कप्तान एकेनर याने नौका पुन्हा आकाशात नेली. या सफरीचा पुष्कळसा खर्च तिकिटे जमविणाऱ्या शोकिनांनी पाठविलेल्या पत्रांच्या हशिलातून भागला होता, हे ऐकून वाचकांस हसू येईल. परंतु ध्रुवप्रदेशात आकाशमार्गे मालाची ने-आण होऊ शकते, याचे इतके सुबक प्रात्यक्षिक तत्पूर्वी कोणी दाखविले नव्हते.

त्या भेटीच्या प्रसंगी हजर असलेली माणसे वाचकांनी ध्यानात ठेवावी. मालिगिनवरील टपालाचा कारभार इवान पापानिन याजकडे होता. वायुनौकेत बिनतारी यंत्रावर काम करणाऱ्यांत एर्न्स्ट क्रेंकेल हा रशियन तरुण होता. शास्त्रीय कार्याचे प्रमुख प्रोफेसर सामोयलोविच होते. आणि मालिगिनच्या उतारूंत उंबेर्तो नोबिले हा इटालियन वायुनौकाशिल्पी होता. त्याने ती प्रचंड नौका कोणत्या नजरेने पाहिली असेल, याची कल्पना पुढील हकिकतीवरून येईल.

लोकमान्यांचा १९०३ सालचा वेदकालीन ध्रुवनिवासावरील ग्रंथ ज्या घरांतून वाचला गेला, तेथे उत्तर ध्रुव हे नाव परके नव्हते. परंतु लोकमान्यांनी कल्पिलेला तो सुखद प्रदेश कधीच हिमाखाली गेला. पुढील काळातील संशोधकांस तेथे कुत्र्यांच्या गाड्या ओढवीत, उपासमार सोशीत जावे लागले. हा क्लेश टाळावा म्हणून जर्मन कप्तान वाल्टर ब्रून्स याने पहिल्या महायुद्धानंतर एक योजना मांडली : युरोपातून ध्रुवसमुद्रावरून थेट जपान व अमेरिकेपर्यंत वायुनौकांची वाहतूक चालवावयाची. त्यासाठी १९२४ साली बर्लिन येथे ‘एरोआर्क्टिक’ नावाची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली आणि नान्सेनसारखा ऋषितुल्य पुरुष तिचा अध्यक्ष झाला. १९३१ ची सफर याच संस्थेची. ती पाहण्यास मात्र नान्सेन राहिले नाहीत. १९३० च्या मे महिन्यातच ते निवर्तले.

नोबिलेने बांधलेली ‘नॉर्गे’ ही नौका आमुंडसेन, एल्सवर्थ व खुद्द नोबिले यांस घेऊन १९२६ च्या ११ मे रोजी स्पिट्सबर्गनहून निघाली, दुसऱ्या दिवशी ध्रुवावर पोहोचली आणि १४ तारखेस अलास्कातील टेलर गावी उतरली. सोळा माणसे व नोबिलेची लाडकी कुत्री टिटिना एवढा परिवार सुखरूप पार झाला. वाटेत पंख्यांवर जमलेले बर्फ तुटून गोळीसारखे उडे व नौकेच्या आवरणास भोके पाडी. ती माणसे धावतपळत बुजवीत.

या विजयाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. नॉर्गेस एक मुक्काम करता यावा म्हणून स्पिट्सबर्गनमध्ये भर हिवाळ्याच्या काळोखात सुतारांनी लाकूड व कापडाचे भलेथोरले घर उभारले, मनोरा रोवला. आणि लाकूड, लोखंड, वायूच्या नळ्या हे सारे सामान आगबोटीने आले. टेलरला उतरलेली नौका तर तेथेच मोडून टाकावी लागली. तात्पर्य असे की, जेथे जहाज जाऊ शकत नाही तेथे जाणारी म्हणून जिची ख्याती, तिच्यापुढे आधी जहाज जावे लागत होते. हे वायुनौकेचे मूळ दुखणे होय, असे आम्हांस वाटते. त्याचा नमुना जुन्या मुंबई इलाख्यातील कराचीनेही पाहिला. ‘आर १०१’ या इंग्रज वायुनौकेसाठी तेथे अजस्र शेड बांधून ठेवली होती. पण १९३० च्या ऑक्टोबरात ती नौका फ्रान्समध्येच कोसळली, ४८ माणसे दगावली, आणि कराचीची शेड रिकामीच राहिली.

१९२८ साली नोबिले ‘इटालिया’ घेऊन पुन्हा ध्रुवावर गेला. २५ मे रोजी परतीच्या वाटेवर नौका बर्फावर आपटली. दहा माणसे खाली फेकली गेली, त्यांतील एक तत्काळ मेला. उरलेल्या सहांना घेऊन हलके झालेले आवरण वर उडाले, त्यांचा ठाव आजवर लागलेला नाही. नोबिलेशी वैर पडलेले असताही आमुंडसेन त्याच्या शोधार्थ विमानाने निघाला, आणि तोही समुद्रात नाहीसा झाला. बर्फावर उरलेल्यांस अखेर कोणी सोडविले? ‘क्रासिन’ या हिमभेदी जहाजाने. आणि त्या मोहिमेचे नायक सामोयलोविचच होते.

आता तिखाया उपसागरातील मंडळींकडे वळू. १९३७ साली पापानिन व क्रेंकेल हे दोघे, आणखी दोन सोबत्यांसह, ध्रुवाजवळील एका तरंगत्या हिमखंडावर ठाणे करून राहिले. पुढील हिवाळ्यात तो खंड ग्रीनलँडच्या किनाऱ्याकडे वाहत येऊन फुटू लागला, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी रशियाने आपली वायुनौका ‘व्ही-६’ धाडली. १९३८ च्या ६ फेब्रुवारीस रात्रीच्या अंधारात कांदालाक्षाजवळ ती डोंगरावर आदळली. एकोणीस जणांपैकी तेरा मेले. १९ फेब्रुवारीस पापानिन व त्याचे सोबती सुखरूप सुटले, तेही ‘तैमिर’ व ‘मुर्मान’ या जहाजांच्या योगाने. सामोयलोविच यांचा मात्र बर्फाने घात केला नाही. १९३९ साली स्तालिनच्या राजवटीनेच त्यांस गोळी घातली.

तथापि कल्पना मेली नाही. १९५८ साली अमेरिकन आरमाराची एक वायुनौका शास्त्रीय कामासाठी ध्रुवसमुद्रातील टी-३ या हिमद्वीपापर्यंत जाऊन आली; परंतु १९६२ साली त्या आरमाराने आपल्या वायुनौकाच निकालात काढल्या. अलीकडे याच कल्पनेने पुन्हा डोके वर काढले आहे, त्याचे कारण कॅनडात पाहावे. तेथील उत्तरेकडच्या कित्येक वस्त्यांस व खाणींस बारमाही सडक नाही. हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरांवरून वाट पाडावयाची आणि तेवढ्या दिवसांत वर्षाचे तेल, लाकूड, यंत्रे ओढून न्यावयाची, अशी तेथील रीत. २००६ साली हिवाळा उबदार निघाला, हिऱ्यांच्या खाणींकडे जाणारी बर्फाची वाट लवकर बंद करावी लागली, आणि राहिलेला माल विमानाने, भारी खर्चाने न्यावा लागला. हवा तापत चालली आहे, तशा या वाटा दरसाल अधिक बेभरवशाच्या होत आहेत. ज्या घराचा तक्तपोशीचा फळा न् फळा अशा वाटेने येतो, त्या घराला वायुनौकेची चर्चा निव्वळ करमणूक वाटणे शक्य नाही.

मग अडते कोठे? एक घनमीटर हीलियम साधारण एक किलो भार उचलतो; थंड हवा जड असल्यामुळे तेवढ्याच आकाराची नौका तेथे थोडा अधिकच उचलील. उचलण्याची चिंता नाही, ठेवण्याची आहे. पन्नास टन माल उतरविला की नौका तितकीच हलकी होऊन वर झेपावणार. म्हणून तितकेच वजन लगोलग आत घेतले पाहिजे. अन्यत्र पाणी भरता येते. जेथे पाण्याचा दगड होतो तेथे काय भरावे? काही आधुनिक शिल्पी हवेपेक्षा किंचित जड अशी संमिश्र नौका काढतात, जी निम्मीअधिक वायूच्या व उरलेली गतीच्या बळावर तरते. अशी ‘एअरलँडर १०’ ही नौका २०१६ साली इंग्लंडातील कार्डिंग्टन येथून उडाली. जेथे आर १०१ जन्मली तेच हे ठिकाण. दुसऱ्याच उड्डाणात तिचे नाक जमिनीवर आपटले, आणि पुढील वर्षी ती मनोऱ्यावरून सुटून कोलमडली.

जर्मनीत याहून मोठा संकल्प झाला होता. १६० टन माल वाहणारी नौका बांधण्यासाठी बर्लिनच्या दक्षिणेस ३६० मीटर लांबीची शाला उभारली गेली. शाला पुरी झाली, पण २००२ साली कंपनीचे दिवाळे निघाले आणि नौका कागदावरच राहिली. आज त्या छताखाली ऊब खेळविलेली आहे, वाळू पसरली आहे, ताडमाड वाढले आहेत, आणि जर्मन कुटुंबे हिवाळ्यात तेथे पोहावयास जातात. स्पिट्सबर्गनमधील नॉर्गेचा मनोरा मात्र अद्याप आपल्या जागी उभा आहे. आगबोटीने येणारे प्रवासी तो पाहून जातात.