व्याधाचे झाड आणि राजाचे माळरान

महाशिवरात्रीची कथा ज्याच्या कानी पडलेली नाही असा मराठी माणूस विरळाच. श्रीधरस्वामींनी शके १६४० (इ. स. १७१८) मध्ये पूर्ण केलेल्या ‘शिवलीलामृता’च्या दुसऱ्या अध्यायात ती येते. दिवसभर उपाशी भटकलेला व्याध सायंकाळी सरोवराकाठच्या बेलाच्या झाडावर चढून बसतो, दृष्टीआड येणारी पाने खुडून खाली टाकतो आणि त्या पानांनी नकळत शिवपूजन घडते. भाविकांचे लक्ष साहजिकच खाली पडणाऱ्या बिल्वदलांकडे जाते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने क्षणभर वर पाहावे. व्याध झाडावर का चढला? त्याने जमिनीवरच दबा का धरला नाही? या साध्या प्रश्नाच्या पोटात आपल्या देशातील मृगयेचा बराचसा इतिहास दडलेला आहे.

हरिणवर्गातील प्राणी जगतो तो नाक, कान आणि डोळे यांच्या बळावर. त्यांत नाक सर्वांत तीक्ष्ण. जमिनीवर बसलेल्या माणसाचा वास वाऱ्याबरोबर पाणवठ्यावर पोहोचला की संपूर्ण कळप माघारी फिरतो. उंचावर बसणाऱ्याचा वास बहुधा जनावराच्या डोक्यावरून निघून जातो. शिवाय चितळ किंवा सांबर शत्रूची चाहूल घेते ते झुडपांत आणि गवतात. वरच्या फांदीकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. पाने खुडून वाट मोकळी करणे, पाणवठ्यावर डोळा ठेवणे, हालचाल न करता रात्र काढणे ही व्याधाची सारी कृती म्हणजे अरण्यात मुरलेल्या शिकाऱ्याची रीत होय. कथाकाराला ती ठाऊक होती, म्हणूनच कथा खरी वाटते. त्यातच पाणवठ्यावर केवळ हरिणेच येत नाहीत, वाघ-बिबटेही येतात. एकट्या माणसाला रात्री झाड हेच घर आणि झाड हाच कोट.

अर्थात झाडालाही मर्यादा असतात. एकदा चढून बसले की वारा फिरला तरी जागा बदलता येत नाही. जनावर दुसऱ्या वाटेने गेले तर त्याच्यामागे जाता येत नाही. झाडावरचा शिकारी हा वाट पाहणारा असतो. ज्याला वेळ आहे, ज्याच्यापाशी घोडा नाही, हाकारे घालणारी माणसे नाहीत आणि ज्याच्या घरी चूल पेटायची आहे, त्याची ही शिकार.

राजांची मृगया मात्र जमिनीवरची. कालिदासाचा दुष्यंत रथातून हरिणाचा पाठलाग करीतच रंगमंचावर येतो. कौटिल्याने मृगयेची गणना व्यसनांत केली खरी, पण तिचे गुणही सांगितले : शरीराला व्यायाम होतो, मेद झडतो, स्थिर व चल लक्ष्यावर नेम धरण्याचा सराव होतो आणि जनावरांचे मन ओळखता येते. हे सारे गुण युद्धाच्या उपयोगाचे आहेत आणि झाडावर बसून त्यांतले फारच थोडे साधतात. राजाने धावावे, पाठलाग करावा, ही अपेक्षा म्हणूनच होती. राजा दबा धरून बसला की काय अनर्थ होतो, हे शरयूच्या काठी अंधारात केवळ आवाजावर बाण सोडणाऱ्या दशरथाच्या कथेने सांगून ठेवलेच आहे.

तरीही राजांना दबा ठाऊक नव्हता असे नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत त्याचा पहिला भाग १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. राजाच्या विनोदांमध्ये मृगयेचे अनेक प्रकार त्यात येतात. पाणवठ्यावर लपून बसणे आणि शिकविलेल्या पाळीव हरिणाकरवी रानहरिणाला भुलविणे यांचाही त्यांत समावेश आहे. ही विद्या राजाने दरबारात बसून शोधलेली नाही. ती त्याने रानातल्या माणसांकडून घेतली, हे उघड आहे.

दख्खनचे पठार, माळवा आणि गुजरात यांच्या उघड्या माळरानांवर प्रश्नच वेगळा. काळवीट हा माळाचा प्राणी. तेथे चढायला झाड नाही आणि काळविटाची दृष्टी दूरवर पोहोचणारी. त्याच्या वेगाला तोड द्यायला चित्ता हवा. परंतु चित्त्याचा दमही थोडक्यात संपतो. म्हणून डोळ्यांवर टोपी चढविलेल्या चित्त्याला बैलगाडीत बसवून गाडी तिरक्या वाटेने कळपाजवळ नेत. शेतकऱ्याची गाडी रोजच पाहणारे काळवीट तिला बिचकत नसे. जवळ येताच टोपी काढून चित्ता सोडीत. १८७५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडचा युवराज बडोद्यास आला, तेव्हा अशी शिकार त्याला दाखविण्यात आली. पुढे देशी चित्ते दुर्मीळ झाले तेव्हा कोल्हापूर व भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणविले. येथे मृगया व्यायामाकडून वैभवप्रदर्शनाकडे वळली होती.

या साऱ्या वैभवामागे उभा होता तो पारधी. चित्ता पकडणारा व शिकविणारा चित्तेवाला पारधी, फासे मांडून काळवीट धरणारा फासेपारधी, गाईच्या किंवा बैलाच्या आडोशाने कळपापर्यंत सरकणारा पारधी, या सर्वांची विद्या जमिनीवरची होती. झाडाची उणीव त्यांनी जनावराच्या आडोशाने भरून काढली. ज्यांच्या ज्ञानावर राजेरजवाड्यांची शिकार उभी राहिली, त्यांच्याच कपाळी इंग्रजी अमलाने ‘गुन्हेगार जमाती’चा शिक्का मारला. १८७१ चा तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण शिक्क्याची झळ अद्यापि शमलेली नाही.

बंदुकीने जुना समतोल मोडला. ग्वाल्हेरसारख्या संस्थानांत वाघाच्या शिकारीसाठी मचाणे बांधली गेली. हाकारे जनावर पुढ्यात आणीत आणि पाहुणे वरून गोळी झाडीत. व्याधाचे झाड असे दरबारी आसन झाले. गंमत अशी, की हेच मचाण हरिणासाठी पाणवठ्यावर बांधणे अनेक साहेब शिकारी खिलाडूपणाला सोडून मानीत. पोटासाठी बसणाऱ्याची रीत त्यांना हीन वाटली. पुढे मोटार आणि जीप आली, तशी माळावरच्या पाठलागातली कसोटीही उरली नाही. कळपच्या कळप नाहीसे झाले. चित्ता तर देशातून नामशेष झाल्याचे १९५२ मध्येच जाहीर झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अखेर शिकारीला आळा घातला. १९८० मध्ये अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात रेहेकुरी येथे काळविटांसाठी अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये आफ्रिकेतून आणलेले चित्ते जुन्या ग्वाल्हेर संस्थानातील कुनोच्या रानात सोडण्यात आले. कायदा आवश्यकच होता. मात्र रानावर जगणाऱ्या पारध्याला दुसरे काय देणार, या प्रश्नाचे उत्तर त्या कायद्यात नव्हते.

आज बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबा, मेळघाट यांसारख्या अरण्यांत पाणवठ्याकाठच्या मचाणांवर माणसे बसतात. त्यांच्या हाती धनुष्य नसते, बंदूकही नसते. असते ती नोंदवही. चांदण्यात पाण्यावर येणारे प्रत्येक जनावर ती मोजतात. झाड तेच, पाणवठा तोच, निश्चल बसण्याची रीतही तीच. शिवरात्रीच्या कथेतला व्याध हरिणांचे बोलणे ऐकून धनुष्य खाली ठेवतो, आणि आकाशात मृगापाठोपाठ आजही चमकतो. वाट पाहता पाहता हरिणाकडे नीट पाहण्याची संधी झाडाने त्याला दिली होती. इतिहासाला तेथवर पोहोचायला मात्र फार मोठा फेरा घ्यावा लागला.