बारगीर आणि बोर्गी : एका शब्दाचे दोन इतिहास

बोरगावातून नागपूर-छिंदवाडा रस्त्यानं जाणाऱ्याला आज कारखाने दिसतात. पण हा सगळा पट्टा आधी देवगडच्या गोंड राजांचा आणि मग नागपूरकर भोसल्यांचा. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे घरात मराठी, शाळेत हिंदी. म्हणून भोसल्यांचा इतिहास आम्ही पुस्तकापेक्षा कानानंच जास्त शिकलो. पहिले रघुजी, बंगालची स्वारी, चौथाई. ऐकताना छाती फुगते, खोटं कशाला बोलू!

या घराण्याची मराठी बखर काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी लिहिली, तीही रेसिडेंट जेन्किन्स याच्या सांगण्यावरून. म्हणजे सीताबर्डीची लढाई हरून सत्ता गेल्यावर, जिंकणाऱ्या साहेबासाठी. बखर घराण्याची, तिचा डोळा राजे, सरदार आणि मोहिमांवर. कुणब्याच्या शेताचं काय झालं, हा तिचा विषयच नाही.

तो विषय बंगालीत सापडतो. गंगाराम नावाच्या कवीचं 'महाराष्ट्र पुराण' आहे, पोथीवरचा बंगाली सन 1158, म्हणजे इसवी 1751. स्वाऱ्या चालू असतानाच्या पिढीतलं हे लिखाण. मी ते भाषांतरातून वाचलं. गावं जळताहेत, लोक बोचकी घेऊन पळताहेत, बायकांवर अत्याचार होताहेत, आणि हे करणारे आपलेच. वाचताना दोनदा पुस्तक मिटलं.

पण गंगाराम नुसता शिव्या देत नाही. त्याच्या मते बंगालमध्येच पाप वाढलं, म्हणून शिवानं नंदीकरवी शाहूला प्रेरणा दिली. मराठे आले ते देवाच्या आज्ञेनं! मग त्यांनी ब्राह्मण, वैष्णव, बायका कुणालाच सोडलं नाही, तेव्हा देवीच भास्करपंत कोल्हटकरांवर उलटली. 1744 मध्ये मनकऱ्याला अलीवर्दीखानानं भेटीला बोलावून भास्करपंतांना दग्यानं मारलं. मराठीत तो विश्वासघात. गंगारामाच्या हिशेबात तो देवीचा न्याय.

शब्दाचंच बघा. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो स्वार. स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार. बारगीर बिचारा पगारी माणूस. बंगालीत त्याचा 'बोर्गी' झाला, अर्थ लुटारू. तिकडच्या अंगाईगीतात तो अजून येतो, आणि लेकराला निजवणाऱ्या त्या गाण्यात सारा कशानं भरायचा ही काळजीही आहे. मला बखरीपेक्षा ते गाणं जास्त खरं वाटतं. बखर लिहवून घेतलेली. अंगाई कुणी लिहवून घेत नाही.

1751 च्या तहात अलीवर्दीनं वर्षाला 12 लाख रुपये चौथाई कबूल केली. आमच्याकडे हा आकडा पराक्रमाचा पुरावा म्हणून सांगतात. तो पैसा बंगालच्या धानातूनच निघायचा होता.

मराठ्यांच्या धास्तीनं कलकत्तेकरांनी 1742 मध्ये खंदक खणायला घेतला. मराठे तिथवर पोचलेच नाहीत, खंदकही पुरा झाला नाही. पुढं तो बुजवून त्यावर रस्ता केला. बागबाजारात मात्र 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली राहिली आहे.